मुंगीवर राज्य

गुरुवार, ८ जानेवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. तू आणि दादा खुशाल असाल. इकडे आई बरी आहे, गुडघे सोडून. मी बरी आहे, घसा सोडून; गळ्यात शिट्टी असूनही ओरडल्याशिवाय मला राहवत नाही, हे तुला माहीतच आहे. आणि तुझी लेक मुंगी एकदम मजेत आहे.

फोन का केला नाही म्हणशील. घर एवढंसं, मी फोन उचलला की मुंगीचे कान टवकारलेले. शिवाय फोनवर आपण नणंद-भावजय एकमेकींचं वाक्य कधी पुरं होऊ देत नाही. पत्रात तुला मध्येच बोलता येणार नाही, हा माझा फायदा.

बातम्या अशा. मुंगीचा वरचा दात पडला. तो तिने काडेपेटीत ठेवलाय आणि येईल त्याला दाखवतेय, त्यामुळे हल्ली आपल्याकडे येणारे कमी झालेत. आईला तिने पत्ते शिकवले आणि लबाडी कशी करायची तेही शिकवलं. आता दोघी मिळून मला हरवतात. तिसरीच्या वर्गबाई म्हणतात, पोरगी हुशार आहे पण वर्गात बोलत नाही. मी म्हटलं, घरी येऊन ऐका.

आज तिला शाळेत पाठवलं नाही. जरा कणकण वाटली, म्हटलं राहू दे घरी. आत्ता आईच्या मांडीवर झोपली आहे. काळजीचं काही नाही.

खेळाच्या तासाचं विचारलं होतंस. दादाच्या नोकरीच्या गावी निघताना तू गाडीच्या दारात उभी राहून जे बजावलंस, ते मी विसरलेले नाही. "तिची छाती उघडून शिवलीय, तुझ्या मैदानापेक्षा मला ती छाती मोठी. तिला काही झालं ना, तर त्याच आठवड्यात येऊन घेऊन जाईन, मग तिथं एका खोलीत तिघांनी राहायची वेळ आली तरी बेहत्तर." मागच्या वर्षी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की छिद्र बुजलंय, आता हिला बाकीच्या मुलांसारखी खेळू द्या. तेव्हा तू त्यांच्याकडे असं बघितलंस, जणू ते तुझ्या गळ्यात काहीतरी मारायला बघतायत.

मग मी मधला मार्ग काढला. लहानपणी धाकट्या भावंडांना आपण लिंबूटिंबू करायचो ना, तसंच केलं. सगळ्या वर्गाला बजावून ठेवलं, की मुंगी लिंबूटिंबू. ती खेळेल, पण तिला कुणी पकडायचं नाही, ढकलायचं नाही, तिच्यावर राज्य येणार नाही. डॉक्टरांचंही ऐकलं, तुझंही ऐकलं. मला तर माझ्या डोक्याचं कौतुक वाटलं होतं.

काल खेळाच्या तासानंतर तिला घरी यायला जरा उशीर झाला, एवढंच. शाळेतल्या कुणी फोन करून काही तुझ्या कानावर घातलंच, तर आधी मला विचार. आमच्या शाळेत भिंतींना नुसते कान नाहीत, तोंडंही आहेत.

दादाला सांग, मोजे पाठव. पोरीचे पाय वाढतायत.

तुझी,
वन्सं (तू चिडवताना म्हणतेस तशी)


गुरुवार, १५ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र काल मिळालं. चार ओळींचं. तू रागावलीस की तुझं अक्षर फार सुरेख येतं. चोवीस तारखेला, शनिवारी, तू मुंगीला न्यायला येणार. तोवर तिने मैदानावर पाऊल टाकायचं नाही. आणि "त्या बुधवारी काय झालं ते एकही गोष्ट न गाळता लिहा." लिहा, म्हणालीस. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू मला कधी अहोजाहो केलं नव्हतंस. तेव्हाच ओळखलं, की शेजारच्या चौथीतल्या मुलीच्या आईने तुला सगळं सांगितलंय, वर पदरच्या दोन गोष्टी घालून.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नव्हतं. जे लिहायला हवं होतं तेच लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

बुधवारी शेवटचा तास तिसरीचा असतो. पोरं दिवसभर बाकावर बसून आंबलेली असतात, मैदानावर सोडली की नुसती उधळतात. त्या दिवशी लपंडाव घेतला. दोन गट केले, एकाने लपायचं, एकाने शोधायचं, मग उलट. मुंगी नेहमीसारखी कुठल्याच गटात नव्हती. तिला म्हटलं, तू हवी तिथं लप.

तास संपला. शिट्टी वाजवली, दोन रांगा केल्या आणि पोरं मोजली. मोजल्याशिवाय मी कुणालाही सोडत नाही, इतकी वर्षं सोडलेलं नाही. दोन्ही गट बरोबर भरले. भरणारच होते, वहिनी. मुंगी कुठल्याच गटात नव्हती ना. तिच्यावाचून मोजणी चुकत नव्हती.

चेंडू आणि रिंगा सामानाच्या खोलीत टाकल्या, दार ओढलं, कुलूप घातलं आणि मी शिक्षकांच्या सभेला गेले. शेजारच्या मुलींबरोबर ती घरी गेली असणार, असं मी धरलं. ती आत्यासाठी थांबली असणार, असं त्या मुलींनी धरलं.

सभा उरकून घरी आले तर आई दारातच उभी. "एकटीच? मुंगी कुठंय?"

पुढचं मला नीट आठवत नाही, असं लिहिणार होते. सगळं आठवतंय. शेजारच्या दारात मी चप्पल न घालता उभी होते. त्या मुली माझ्याकडे बघून रडायलाच लागल्या. शाळेत परत आले तेव्हा शिपाईमामा फाटक लावून निघाले होते. आम्ही वर्ग बघितले, बाकांखाली वाकून बघितलं, नळाकडे, मुलींच्या संडासात. मागे पाण्याची टाकी आहे, तिचं झाकण सरकलेलं होतं. मामांनी आत बॅटरी मारली तेव्हा मी दुसरीकडे बघत उभी राहिले, कारण माझ्याने बघवेना. टाकीत काही नव्हतं.

मग मामा म्हणाले, "बाई, तुमची सामानाची खोली?"

"तिला मीच कुलूप लावलंय," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता तिकडे धावले. किल्ली कुलपात बसेना, शेवटी मामांनी माझ्या हातातून घेतली.

कोलांट्यांच्या गाद्या भिंतीला टेकवून उभ्या असतात, त्यांच्यामागे फटीत ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तू शिकवलंस तसे मी आधी ओठ बघितले. निळे नव्हते. श्वास नीट होता. केसांत कोळिष्टकं होती आणि फ्रॉक ओला झाला होता. हे शेवटचं मी लिहिणार नव्हते. पण तू म्हणालीस काही गाळू नका.

तिला उचलून बाहेर आणलं. मी रडत होते, ती नव्हती. म्हटलं, "अगं, कुलूप लावताना ऐकू आलं नाही का तुला?"

"आलं."

"मग ओरडली का नाहीस?"

"ओरडले असते तर सापडले असते ना."

थोडं चालल्यावर आपणहून म्हणाली, "गोट्या आला होता आत. त्याने बघितलं मला. म्हणाला, हॅट, तू होय, तू तर लिंबूटिंबू. आणि गेला. मग मला वाटलं, दुसरं कुणीतरी येईल."

गोट्यावर रागावू नकोस. मोटार दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा आहे, दांडगट असला तरी मनाने वाईट नाही. त्याने माझं ऐकलं, एवढाच त्याचा गुन्हा. सापडूनही जिला सापडली म्हणायचं नाही, तिच्यापाशी तो कशाला थांबेल?

त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती ऐकली, नाडी बघितली, म्हणाले हृदय ठणठणीत आहे, पोरगी घाबरलीय एवढंच. निघताना विचारलं, "खेळते ना पण रोज?" मी हो म्हणाले. त्याच वेळी मुंगी नाही म्हणाली. डॉक्टर दोघींकडे बघत राहिले आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं.

पालकसभेत माझं एक ठरलेलं भाषण असतं, ते तूही ऐकलंयस. खेळणारं मूल नीट जेवतं, नीट झोपतं, भांडतं आणि भांडण मिटवायला शिकतं, पडतं आणि उठायला शिकतं. रंगीत कागदांवर चित्रं काढून सांगते. टाळ्याही पडतात. आणि घरच्या पोरीला मी काय दिलं? ती धावायची, वहिनी. हळूहळू, कडेकडेने, एकटी. पायांना व्यायाम झाला की झालं, असं मी समजून चालले. तिच्या मागे कुणीच धावत नाही हे मला दिसत होतं, आणि तेच मला सुरक्षित वाटत होतं.

आता खेळाच्या तासाच्या दिवशी, बुधवारी आणि शुक्रवारी, सकाळी तिच्या पोटात दुखतं. इतर दिवशी दुखत नाही. झोपताना माझं बोट धरते, सोडवलं की जागी होते. वर्गात बोलत नाही म्हणाल्या होत्या ना वर्गबाई, आता पत्त्यांतही बोलत नाही. आई मुद्दाम हरते, तरी हिला पर्वा नाही.

सगळं तुझ्यावर ढकलणार नाही. तुझ्या भीतीचं नाव पुढे केलं, पण भीती माझीही होती. ऑपरेशनच्या दिवशी त्या दाराबाहेर तू उभी होतीस आणि मी तुझी पर्स छातीशी धरून बसले होते, अशी घट्ट, की तिचा बंद तुटला. तुला वाटलं तो जुना होता.

तू तिला ने. तुझी लेक आहे, मी अडवणारी कोण. एकच मागते. शनिवारी येण्याऐवजी शुक्रवारी ये. दुपारी तिसरीचा खेळाचा तास आहे, साखळी घेणार आहे. एकाने पकडायचं, पकडलेल्याने त्याचा हात धरायचा, साखळी वाढत जायची. तू भिंतीशी उभी राहा. तू मान हलवलीस तर ती उतरेल, बाकीच्यांसारखीच. नाही हलवलीस तर तुझ्याशेजारी उभी राहील. तुझ्या होकाराशिवाय मी तिला रेषेच्या आत घेणार नाही, तसा शब्द देते.

रागाव, पण ये.

तुझी नणंद


मंगळवार, ३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र पोचलं. खुशाली वाचून बरं वाटलं. तिघांत एक खोली आणि त्यात मुंगीची काडेपेटी, म्हणजे तुमची दाटी मी समजू शकते. आई अजून जेवायला बसताना तिचं ताट घेते आणि परत मांडणीवर ठेवते. मी न बघितल्यासारखं करते.

तू दोन गोष्टी मागितल्यास. नव्या शाळेत शुक्रवारी तिचा पहिला खेळाचा तास आहे, तेव्हा तिथल्या बाईंना मी चिठ्ठी द्यावी, की हिला बसवून ठेवा. "तुमच्या धंद्यातल्या माणसाचं त्या ऐकतील." त्याचं शेवटी बघू. दुसरं म्हणजे त्या शुक्रवारी ती का हसली? तू तिला विचारलंस तर म्हणते, आत्याला विचार. तर आत्या सांगते.

तू मान हलवलीस. दात काढणाऱ्याने 'काढू का' विचारल्यावर हलवतात तशी, पण हलवलीस. मुंगीने स्वेटर काढून तुझ्या हातात दिला आणि रेषेच्या आत आली. मी पोरांना सांगितलं, आजपासून लिंबूटिंबू कुणी नाही. सगळी तिच्याकडे बघायला लागली. गोट्यावर पहिलं राज्य होतं. तो म्हणाला, "मग तिला पकडायचं, बाई? खरं खरं?"

"खरं खरं."

"आणि पडली तर?"

"पडली तर उठेल." हे मी तुला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाले. शिट्टी वाजली आणि गोट्या सुटला तो थेट तिच्याच दिशेने. तिथं तू तोंड फिरवलंस. मला तुझी पाठ दिसत होती. मलाही फिरवावंसं वाटलं होतं.

धावली कशी म्हणशील, तर वाईट. हात पसरून, बदकासारखी. चुकवायचं कसं हे तिला ठाऊकच नव्हतं. तिच्या मागे आजवर कुणी लागलंच नव्हतं, मग येणार कुठून? गोट्याने तिचा फ्रॉक धरला, ती फिरली आणि दोन्ही गुडघ्यांवर आपटली. तो आवाज तू ऐकलास. तुझे खांदे वर गेलेले मी बघितले. शिट्टी माझ्या दातांत होती. वाजवली असती तर खेळ थांबला असता, मी धावत गेले असते, पोरं गोल करून उभी राहिली असती आणि ती पुन्हा होती तिथे गेली असती. मी वाजवली नाही. वहिनी, या नोकरीत मी एवढं अवघड काही केलेलं नाही.

तिने गुडघ्याकडे बघितलं. रक्त आलं होतं. मग माझ्याकडे बघितलं. ओठ थरथरत होते, आता रडणार असं वाटलं. तेवढ्यात गोट्या तिच्या अंगावर खेकसला, "अगं ए, बसलीस काय, ऊठ ना, हात धर, तो बघ सुटला तिकडून." लागलं का, एवढंही त्याने विचारलं नाही. चांगुलपणा म्हणून त्याने हात पुढे केला नव्हता. साखळीला दुसरं माणूस हवं होतं, म्हणून केला होता. तिने तो हात धरला, उठली आणि हसली. तू ऐकलंस ते हे हसणं. मी तिला जन्मापासून बघतेय, असं खदाखदा हसताना कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतरचं तुला कळलेलंच नाही, कारण तू फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली होतीस. पहिली पकडली गेली ती मुंगी, म्हणून पुढच्या डावाचं राज्य तिच्यावर. ती मध्ये उभी राहिली, आणि सगळा वर्ग तिच्यापासून किंचाळत पळाला. गोट्यासुद्धा. एवढी सगळी पोरं आपल्याला भिऊन पळतायत, हे बघून ती क्षणभर पळायचंच विसरली. मग अशी सुटली की मलाच म्हणावं लागलं, जरा हळू. तास संपेपर्यंत तिने एकालाही पकडलं नाही. त्याबद्दल तिला सगळ्यांनी नावं ठेवली, वाट्टेल तशी, आणि ती उलट भांडत वर्गात गेली. ती भांडली, वहिनी. गोट्या रेषेबाहेर गेला होता, असं तिचं म्हणणं. आणि तो गेलाही होता.

तू तिला शनिवारची वाट न बघता त्याच संध्याकाळी नेलंस. गुडघ्याला पट्टी मात्र अशी बांधलीस, की लोकांना वाटावं पाय मोडलाय. रिक्षात तू तिचा पंजा दोन्ही हातांत धरून बसली होतीस. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, कदाचित पट्टी आणखी मोठी बांधली असती.

आता चिठ्ठी. तू म्हणालीस तशी लिहायला बसले होते. शब्द मला येतात, दरवर्षी कुणा ना कुणासाठी अशी चिठ्ठी माझ्याकडे येतेच, आणि ज्यांना खरंच गरज असते त्यांची मी मुकाट्याने पाळतेही. पण हिची लिहिवेना. म्हणून दुसरी लिहिली आहे. पाकीट चिकटवलेलं नाही, आधी तू वाच. न वाचता देऊ नकोस. तिच्यात असं आहे:

"बाई, नमस्कार. ही माझी भाची. लहानपणी हिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आहे, ते नीट झालं आहे, डॉक्टरांचा कागद तिच्या आईकडे आहे. छातीवरच्या खुणेबद्दल मुलं विचारतील, ती स्वतः सांगेल. दम लागला तर थांबवा, जसं इतरांना थांबवता तसं. लबाडी केली तर रागवा, ती करते. पकडली गेली तर राज्य द्या. तिची आई पहिले काही दिवस भिंतीशी येऊन उभी राहील, तिला उभी राहू द्या. तुमची, एक खेळाची बाई."

डॉक्टर काहीही म्हणोत, काही झालं तर तू मला जन्मभर माफ करणार नाहीस, आणि मीही स्वतःला करणार नाही. हे माहीत असून लिहिलं आहे.

देणं न देणं तुझ्या हातात. तू ती फाडून टाकलीस आणि तिला बसवूनच ठेवलंस, तरी मी भांडायला येणार नाही, तुझ्या जिवाची घालमेल मला कळते. फक्त मग शुक्रवारी तिला तयार करताना तूच तिला सांग, की कुठंही लप, तुला शोधायला कुणी येणार नाही. मी एकदा तिला ते न बोलता सांगितलं. पुन्हा माझ्याने होणार नाही.

तुझी,
आणि तिची आत्या